'अ‍ॅस्ट्रल वीक्स'च्या आधीचे दिवस

'अ‍ॅस्ट्रल वीक्स' हा आयरिश गायक व्हॅन मॉरिसनचा अल्बम पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटले होते, ही मंडळी वर्षानुवर्षे एकत्र वाजवत असणार. गाणारा एखादा शब्द पुन्हा पुन्हा घोळवू लागला की डबल बासही त्याच्याबरोबर तिथेच घुटमळतो. खरे तर गायक आणि बहुतेक वादक स्टुडिओत आले तेव्हा त्यांची साधी ओळखही नव्हती.

व्हॅन मॉरिसनचा जन्म १९४५चा, पूर्व बेलफास्टमधल्या हिंडफर्ड स्ट्रीटवरचा. वडील गोदीत इलेक्ट्रिशियन होते आणि त्यांच्याकडे अमेरिकी ब्लूज आणि जॅझच्या रेकॉर्डचा मोठा साठा होता. लेड बेली, रे चार्ल्स, महालिया जॅक्सन हे आवाज या मुलाच्या कानावर घरातच पडले. पुढे 'देम' या बँडमुळे नाव झाले, मग तो बँडमधून बाहेर पडला आणि १९६७मध्ये निर्माता बर्ट बर्न्सच्या 'बँग' या रेकॉर्ड कंपनीसाठी तो न्यूयॉर्कला गेला. तिथे केलेले 'ब्राउन आइड गर्ल' अमेरिकेच्या पहिल्या दहांत पोहोचले.

तेच यश गळ्याशी आले. बर्न्सला तसलीच चटपटीत गाणी हवी होती. त्याने मॉरिसनला न विचारताच रेकॉर्डिंग जमवून अल्बम काढला. डिसेंबर १९६७मध्ये बर्न्स हृदयविकाराने गेला, पण करार शिल्लक राहिला. बावीस वर्षांचा हा गायक परक्या देशात अडकला. न्यूयॉर्क सोडून तो बॉस्टनजवळच्या केंब्रिजमध्ये राहायला गेला.

माझ्या मते या अल्बमचा आवाज तिथे, १९६८च्या उन्हाळ्यात घडला. इलेक्ट्रिक बँड बाजूला ठेवून तो अकूस्टिक गिटार घेऊन बसू लागला. साथीला टॉम किलबानियाचा डबल बास आणि जॉन पेनची बासरी. ड्रम नाहीत. ठेका सांभाळायची सक्ती नसल्यामुळे त्याचा गळा मोकळा सुटला. बॉस्टनच्या स्टुडिओत निर्माता लुईस मेरेन्स्टाइनने शीर्षकगीत ऐकले आणि तो पहिल्या अर्ध्या मिनिटातच जिंकला गेला.

करारातून सुटका मात्र सोपी नव्हती. मॉरिसनला घेऊ पाहणाऱ्या 'वॉर्नर ब्रदर्स' या रेकॉर्ड कंपनीच्या जो स्मिथने पुढे सांगितले, की त्याच्या सुटकेसाठी मॅनहॅटनमधल्या एका गोदामात जाऊन त्याने वीस हजार डॉलर रोख मोजले. शिवाय जुन्या प्रकाशकाला छत्तीस गाणी देणे बाकी होते. मॉरिसनने एका बैठकीत गिटार छेडत गजकर्णासारख्या विषयांवर एक-दीड मिनिटाचे तुकडे भराभर म्हटले आणि तो आकडा पुरा केला. याच अल्बममधले 'मॅडम जॉर्ज'सारखे गाणे लिहिणाऱ्या माणसावर ही वेळ यावी, याचे मला आजही वाईट वाटते.

२५ सप्टेंबर १९६८ला न्यूयॉर्कच्या सेंच्युरी साउंड स्टुडिओत पहिले रेकॉर्डिंग झाले. मेरेन्स्टाइनने मुरलेले जॅझ वादक बोलावले होते: बासवर रिचर्ड डेव्हिस, गिटारवर नामवंत जॅझ संगीतकार चार्ल्स मिंगसबरोबर वाजवलेला जे बर्लिनर, ड्रमवर 'मॉडर्न जॅझ क्वार्टेट'चा कॉनी के. लिहिलेले नोटेशन नव्हते, तालीम नव्हती. मॉरिसन काचेपलीकडच्या बूथमध्ये गिटार घेऊन गायचा, वादक ते ऐकून वाजवायचे. काय वाजवा, कसे वाजवा, हे त्याने कोणाला सांगितले नाही.

उन्हाळाभर साथ केलेल्या दोघांच्या वाट्याला काय आले? किलबानियाने आपल्या बासच्या जागा डेव्हिसला दाखवल्या आणि तो बाजूला झाला. बासरीवरही दुसराच वादक बसवला होता. पेन ती गाणी रोज वाजवलेला, आणि आता नुसता ऐकत बसलेला. शेवटी त्याने एक तरी गाणे वाजवू द्या म्हणून गळ घातली. बसू दिले ते नेमके शीर्षकगीताला. त्यात बासरी सुराभोवती जी झेपावते, ती त्याचीच. पुढच्या बैठकांना बासरी त्याच्याकडेच राहिली. आधी वाजवून गेलेल्या बासरीवाल्याचे नाव मात्र अल्बमवर नाही.

शब्दांत बेलफास्ट आहे. 'सायप्रस अव्हेन्यू' हा हिंडफर्ड स्ट्रीटपासून चालत जाण्याजोगा, दुतर्फा झाडांचा श्रीमंतांचा रस्ता. गोदी कामगाराचा मुलगा तिथे पाहुण्यासारखाच फिरणार, आणि त्याच नावाच्या गाण्यात नायकाची जीभ अडखळते.

ऑक्टोबरमध्ये उरलेली गाणी झाली, संगीत संयोजक लॅरी फॅलनने मागाहून व्हायोलिनवर्गीय वाद्ये चढवली आणि नोव्हेंबरमध्ये आठ गाण्यांची रेकॉर्ड बाजारात आली. तेव्हा खप यथातथाच. अमेरिकेत पाच लाख खपाबद्दल मिळणारा गोल्ड रेकॉर्डचा मान मिळायला २००१ उजाडले. शेवटच्या 'स्लिम स्लो स्लायडर'मध्ये गाणे संपल्यावरही वादक वाजवत राहिले होते. तो भाग कापला गेला. म्हणून शेवटी पेनचा सोप्रानो सॅक्सोफोन भिरभिरतो, गिटारच्या लाकडावर थापा पडतात आणि आवाज एकदम विरतो. २०१५च्या आवृत्तीत त्याचे लांब रूप मिळते.