85 पार्षद, 43 हात आणि एक नाला

इंदूर महापालिकेत 85 वॉर्ड आहेत आणि प्रत्येकाचा एक पार्षद (नगरसेवक), म्हणजे बहुमताला 43 हात वर व्हावे लागतात. रामबागेतल्या एका गल्लीत पेव्हर ब्लॉक बसवले, तर फायदा त्या गल्लीचा. नर्मदाकाठच्या जलूदहून सुमारे 70 किलोमीटर चढत येणारं नर्मदेचं पाणी मात्र गावभराचं. तिजोरी एकच. मग पार्षद हात कशासाठी वर करतात?

समजा, 85 कोटी वाटायचे आहेत. प्रस्ताव कोण मांडणार हे चिठ्ठी टाकून ठरतं. त्यात दुरुस्ती चालत नाही आणि प्रस्ताव पडला तर पुन्हा चिठ्ठी. पुढच्या फेरीत प्रत्येकाला सरासरी 1 कोटीचीच आशा, म्हणून 1 कोटी मिळाला की हात वर. मांडणारा 42 जणांना 42 कोटी देतो आणि आपल्या वॉर्डाला 43 ठेवतो. उरलेल्या 42 जणांच्या हाती धुपाटणं. बॅरन आणि फेरेजॉन या अभ्यासकांनी 1989 मध्ये मांडलेलं गणित ते हेच.

आता यात नाला आणा. त्यावरचा प्रत्येक रुपया सगळ्या वॉर्डांना मिळून दीड रुपयाचा फायदा देतो, असं धरू. शहराच्या दृष्टीनं सौदा चोख. पण मांडणाऱ्याच्या हिशेबात स्वतःचा आणि सोबतच्या 42 जणांचाच वाटा धरला जातो, म्हणजे दीड रुपयातले जेमतेम 76 पैसे. रुपया घालून 76 पैसे कोण घेईल? 85 भागिले 43, म्हणजे फायदा खर्चाच्या जवळपास दुप्पट असला तरच नाला प्रस्तावात शिरतो. ‘नाला नको’ असं कुणीच म्हणत नाही, तरी तो राहतो. सर्वानुमताची अट घातली तर हा दोष जातो. पण मग एकटा पार्षदही सगळं काम अडवून बसू शकतो.

फायदा दुपटीपुढे गेला, तरी सगळा पैसा नाल्यात जाईलच असं नाही. थांबणं ज्यांना महाग पडतं, ते थोडक्या कामावरही राजी होतात. उरलेलं मांडणारा आपल्या वॉर्डात नेतो. व्होल्डन आणि वाइजमन यांनी 2007 मध्ये हे दाखवलं.

प्रत्यक्षात अनेकदा सगळ्यांनाच थोडं थोडं मिळतं, कारण उद्या आपणच बाहेरच्या 42 मध्ये असू ही धास्ती प्रत्येकाला असते. वाइनगास्ट यांनी 1979 मध्ये याच धास्तीवर बोट ठेवलं. 1993 मध्ये सुरू झालेला खासदार निधी त्याच वळणाचा: पक्ष कुठलाही असो, वर्षाला 5 कोटी.

इंदूरचा महापौर थेट निवडून येतो. त्याला स्वतःचा वॉर्ड नाही, त्यामुळे 43 कोटी ठेवायला जागाही नाही. पण अंदाजपत्रक मंजूर करायला सभागृह लागतंच, आणि तिथे बसतात ते वॉर्डांचेच पार्षद.