जुन्या पावसाचं ऊन पाणी

पानावर ‘ऊन ऊन भात’ वाढतात, त्यातला ‘ऊन’ म्हणजे संस्कृतातला ‘उष्ण’. हाच शब्द आपल्या गावांच्या नावांतही जाऊन बसलाय. पालीजवळचं उन्हेरे, खेड-दापोली भागातलं उन्हवरे, राजापूरचं उन्हाळे, सातपुड्याच्या पायथ्याचं उनपदेव, किनवटकडचं उनकेश्वर. या प्रत्येक गावी जमिनीतून गरम पाणी येतं.

यांपैकी कोकणातल्या झऱ्यांचं मला विशेष कुतूहल आहे, कारण ते एका रांगेत आहेत. उत्तरेला पालघरमधलं कोकनेर आणि सातिवली, मग तानसा नदीकाठची अकलोली, वज्रेश्वरी आणि गणेशपुरी, पुढे उन्हेरे, महाडजवळचं सव, उन्हवरे, संगमेश्वर तालुक्यातली आरवली, तुरळ, राजवाडी आणि शेवटी राजापूर. समुद्र आणि सह्याद्री यांच्या मधल्या पट्ट्यात, किनाऱ्याला जवळजवळ समांतर अशी ही सुमारे साडेतीनशे किलोमीटरची ओळ आहे.

वज्रेश्वरीची कथा अशी, की देवीने राक्षस मारले आणि त्यांच्या रक्ताचे हे गरम झरे झाले. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी याच देवीला नवस केला आणि 1739 मध्ये किल्ला सर झाल्यावर मंदिर उभं राहिलं, असं सांगतात. दुसरी समजूत कुंडावर हमखास ऐकू येते: खाली गंधक आहे, म्हणून पाणी तापतं. ही समजूत मात्र चुकीची आहे. कुंडाजवळ जो वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. हा वायू इतका उग्र, की पाण्यात नावापुरता असला तरी नाकाला लगेच कळतो. पाणी तापवण्याचं काम तो करत नाही. ज्वालामुखीही करत नाही, कारण दख्खनचा लाव्हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा आहे. तो केव्हाच थंड झाला.

मग पाणी तापतं कशाने? खोलीने. जमिनीत दर किलोमीटरला तापमान साधारण 25 ते 30 अंशांनी वाढतं. सह्याद्रीवर धो धो पडणाऱ्या पावसाचा थोडा भाग काळ्या कातळाच्या भेगांतून खाली उतरत जातो. एखाद-दोन किलोमीटर उतरला की चांगलाच तापतो. गरम पाणी हलकं असतं, शिवाय डोंगरातल्या पाण्याचा वरून दाब असतो. त्यामुळे किनाऱ्याला समांतर गेलेल्या खोल भेगांतून ते पुन्हा वर येतं. झरे रांगेत का आहेत, ते इथे कळतं: ती रांग म्हणजे त्या भेगांचीच खूण. राजापूरला पाणी चाळीसएक अंशांचं, तर उन्हवऱ्याला जवळजवळ 71. तिथे थेट झऱ्यात पाय घालू नये, पोळतो.

पाणी किती तापून आलंय हे ते स्वतःच सांगतं, आणि मला हा सगळ्यात सुंदर भाग वाटतो. गरम पाण्यात खडकातली सिलिका (वाळूत असतो तोच पदार्थ) जास्त विरघळते आणि पाणी निवलं तरी ती लगेच खाली बसत नाही. म्हणून कुंडातल्या पाण्यातली सिलिका मोजली की खालच्या तापमानाचा अंदाज येतो. तुरळ-राजवाडीसाठी तो शंभर अंशांच्या वर जातो. कुंडातल्या बुडबुड्यांत मुख्यतः नायट्रोजन असतो. पावसाबरोबर हवा खाली गेली, तिच्यातला ऑक्सिजन वाटेत खडकाने वापरला आणि नायट्रोजन तेवढा परत आला. कातळातल्या साध्या विहिरीचं पाणी गोडं असतं, याला मात्र किंचित खारट चव असते. त्यात सोडियम, कॅल्शियम आणि क्लोराइड जास्त असतात. कुठेतरी खोलवर मुरलेल्या समुद्राच्या पाण्याचा यात वाटा असावा, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं.

या पाण्याचं वयही मोजता येतं. 1950 आणि 60 च्या दशकांतल्या अणुचाचण्यांनी जगभरच्या पावसात ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचं किरणोत्सर्गी रूप, मिसळलं. तुरळ-राजवाडीच्या गरम पाण्यात ते जवळजवळ सापडत नाही. म्हणजे हा त्या चाचण्यांच्या आधी पडलेला पाऊस आहे.

अशा पाण्याची वाट अरुंद असते. शेजारी खोल बोअर मारली, तर त्याला दुसरी वाट मिळू शकते. कुंडाला सिमेंटचा गिलावा करताना मूळ भेगच बुजवली, तरी झरा आटू शकतो किंवा भलतीकडे फुटू शकतो. नवस-यात्रांसाठी कुंडं नटवणाऱ्यांनी आधी भूवैज्ञानिकाला विचारावं, ही माझी कळकळीची विनंती आहे.

पावसाळ्यात तानसा दुथडी भरून वाहते आणि अकलोलीची नदीपात्रालगतची कुंडं पुराखाली जातात. तेव्हा वरून यंदाचा पाऊस समुद्राकडे धावत असतो आणि त्याच्या तळाशी तो जुना पाऊस, अजून ऊन असलेला, बुडबुडे सोडत वर येत असतो.