ॲप परीक्षण

ॲप परीक्षण : मोबाइल फोनसाठी तयार केलेले ॲप किंवा त्याची नवी आवृत्ती ग्राहकांना मिळू लागण्यापूर्वी स्टोअर चालवणाऱ्या कंपनीने ती तपासून स्वीकारण्याची अथवा परत पाठवण्याची पद्धत. व्यवहारात ‘रिव्ह्यू’ हाच शब्द रूढ असून ‘ॲप रिव्ह्यूला टाकले’, ‘रिजेक्ट झाले’, ‘लाइव्ह गेले’ असे प्रयोग मराठी विकसकांच्या बोलण्यात सर्रास आढळतात. ग्राहक देतात त्या अभिप्रायांशी व ताऱ्यांशी या रिव्ह्यूचा संबंध नाही. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः ॲपलचे ॲप स्टोअर व गुगल प्ले यांचा विचार केला आहे.

उगम : या पद्धतीचा आरंभ कोठे मानावा याविषयी एकमत नाही. १० जुलै २००८ रोजी सुमारे ५०० ॲपांनिशी उघडलेले ॲपलचे ॲप स्टोअर हा आरंभ धरण्याचा प्रघात आहे. तो सोयीचा असला, तरी अपुरा वाटतो. व्हिडिओ गेमच्या इतिहासाच्या अंगाने पाहणारे हा आरंभ निंटेंडो या जपानी गेम-कंपनीपर्यंत मागे नेतात. १९८३ च्या सुमारास उत्तर अमेरिकेतील गेमचा बाजार कोसळला आणि त्याचे एक कारण निकृष्ट गेमांचा सुळसुळाट हे मानले गेले. त्यानंतर १९८५ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या आपल्या यंत्रात निंटेंडोने १०एनईएस नावाची चिप बसवली. कार्ट्रिजमधील (गेम साठवलेल्या, यंत्रात बसवायच्या डबीतील) जोडीची चिप तिच्याशी जुळल्याशिवाय गेम चालत नसे. त्यामुळे इतर कंपन्यांना परवाना घेणे, गेम मंजूर करून घेणे आणि कार्ट्रिजही निंटेंडोकडूनच बनवून घेणे भाग पडे. दुसरे मत दूरध्वनी कंपन्यांना श्रेय देते. जपानमध्ये फेब्रुवारी १९९९ मध्ये सुरू झालेल्या एनटीटी डोकोमोच्या आय-मोड सेवेत मान्यताप्राप्त संकेतस्थळांनाच अधिकृत यादीत स्थान मिळे, आणि त्यांच्या शुल्काच्या वसुलीपोटी कंपनी ९ टक्के कापून घेई. क्वालकॉमने २००१ मध्ये आणलेल्या ब्रू या मंचावर तर ‘ट्रू ब्रू’ नावाची स्वतंत्र चाचणी उत्तीर्ण झाल्याशिवाय ॲप दूरध्वनी कंपनीच्या यादीत जात नसे.

तिसरी परंपरा डिजिटल स्वाक्षरीची, म्हणजे ॲप कोणी केले याची खात्री पटवणाऱ्या सांकेतिक खुणेची, होय. सिंबियन या फोन-प्रणालीसाठी २००४ च्या सुमारास ‘सिंबियन साइन्ड’ योजना सुरू झाली आणि प्रणालीच्या नवव्या आवृत्तीपासून फोनमधील संवेदनशील सुविधा वापरणाऱ्या ॲपांना अशी स्वाक्षरी आवश्यक ठरली. ऑक्टोबर २००७ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी आयफोन बाहेरच्या विकसकांना खुला करण्याचे जाहीर केले, त्या पत्रात नोकियाच्या काही नव्या फोनांवर ओळख पटलेल्या विकसकाच्या स्वाक्षरीशिवाय कोणतीही आज्ञावली चढवता येत नाही, हे उदाहरण त्यांनी आवर्जून दिले आहे. हा उल्लेख लक्षात घेता, विकसकाची ओळख पटवणारे कुलूप सिंबियनच्या वळणाचे आणि आशयाला मंजुरी देण्याचा अधिकार गेम-यंत्रे व दूरध्वनी कंपन्या यांच्या वळणाचा, असे दुहेरी मूळ मानणे अधिक सयुक्तिक दिसते. परीक्षणाचे बळ नियमावलीत नसून या कुलपात आहे. स्वाक्षरी नसलेली आज्ञावली आयफोन चालवतच नाही, म्हणून नकाराला अर्थ प्राप्त होतो.

नियमांपूर्वीचा काळ : नियमावली बरीच नंतर आली. पहिली दोन वर्षे ॲपलचे परीक्षण विकसकांबरोबरच्या कराराच्या आधारे चाले आणि ॲप का नाकारले गेले याचा उलगडा अनेकदा होत नसे. त्या काळातील कामकाजाचे सर्वांत विश्वसनीय वर्णन एका चौकशीमुळे उपलब्ध झाले आहे. गुगल व्हॉइस हे गुगलचे दूरध्वनी-सेवेचे ॲप ॲपलच्या स्टोअरवर का आले नाही, अशी विचारणा अमेरिकेच्या संघीय संचार आयोगाने जुलै २००९ अखेर केली. ऑगस्टमध्ये दिलेल्या उत्तरात ॲपलने कळवले, की ४० हून अधिक पूर्णवेळ परीक्षक असून प्रत्येक ॲप किमान दोघे पाहतात, आठवड्याला सुमारे ८,५०० नवी ॲप व सुधारित आवृत्त्या येतात, त्यांपैकी सुमारे २० टक्के पहिल्या रूपात मंजूर होत नाहीत आणि ९५ टक्के ॲप १४ दिवसांत मंजूर होतात. परीक्षक ४० च धरले, प्रत्येक ॲप दोघांनी पाहिले आणि रोज आठ तासांप्रमाणे पाच दिवसांचा आठवडा मानला, तर एका परीक्षकाच्या वाट्याला दिवसाला ८५ ॲप, म्हणजे प्रत्येकी सहा मिनिटांहूनही कमी वेळ येतो. २०२१ मधील एपिक गेम्स विरुद्ध ॲपल या खटल्यातील साक्षीत सुमारे ५०० परीक्षक व आठवड्याला सुमारे एक लाख ॲप असे आकडे आले. त्यावरून, प्रत्येक ॲप एकच परीक्षक पाहतो असे धरले, तर हा वेळ साधारण दुपटीने वाढलेला दिसतो, मात्र स्वयंचलित तपासणीचा भार त्यात धरलेला नाही. महिनोन्महिने राबून केलेल्या कामाचा निर्णय इतक्या थोड्या वेळात होतो, ही गोष्ट या विषयाच्या अभ्यासकाने नजरेआड करू नये.

ॲपलने लिखित मार्गदर्शक तत्त्वे ९ सप्टेंबर २०१० रोजी प्रसिद्ध केली आणि त्याबरोबरच निर्णयाविरुद्ध दाद मागण्यासाठी परीक्षण मंडळ स्थापले. आजच्या मांडणीत सुरक्षितता, कार्यक्षमता, व्यवसाय, रचना व कायदा असे पाच भाग आहेत. अपुरे किंवा बंद पडणारे ॲप २.१ या कलमाखाली परत येते, केवळ संकेतस्थळाची चौकट असलेले ४.२ खाली, तर एकाच साच्यातून काढलेल्या अनेक प्रती ४.३ खाली. विकसक आपसांत कलमाच्या क्रमांकानेच बोलतात. ज्या ॲपात खाते उघडता येते, त्यात ते कायमचे काढून टाकण्याची सोयही असली पाहिजे, हा नियम ३० जून २०२२ पासून लागू आहे.

प्रत्यक्ष तपासणी : परीक्षक ॲप उघडून वापरून पाहतो, त्यामुळे त्याला आत शिरता येणे ही पहिली अट होय. भारतीय ॲपांची येथे एक खास अडचण असते. आपल्याकडे नाव व पासवर्डाऐवजी मोबाइल क्रमांक आणि ओटीपी यांवर प्रवेश देण्याची रीत आहे. परदेशात बसलेल्या परीक्षकाकडे भारतीय सिम नसते, ओटीपी त्याच्यापर्यंत पोहोचत नाही आणि ॲप पहिल्याच पडद्यावरून परत येते. म्हणून जाणते विकसक एक ठरावीक चाचणी क्रमांक आणि त्याला कायम चालणारा एकच ओटीपी सर्व्हरवर राखून ठेवतात व परीक्षकासाठीच्या टिपणात लिहितात. परवानग्यांचा मजकूर हेही नकाराचे नेहमीचे कारण आहे. ‘या ॲपला कॅमेरा हवा आहे’ एवढे लिहून भागत नाही. ‘पिकाच्या पानाचा फोटो काढून रोग ओळखण्यासाठी कॅमेरा वापरला जातो’ असा नेमका हेतू सांगावा लागतो. आयफोनसाठीचे ॲप शक्य तेथे आयपॅडवरही चालले पाहिजे, असे तत्त्वांत म्हटले आहे. नकारासोबत आलेल्या चित्रात आयपॅडचा पडदा पाहून पहिल्यांदा ॲप पाठवणारा गोंधळतो, त्याचे कारण हेच. ॲपलच्या सांगण्यानुसार आता ९० टक्के ॲपांची तपासणी २४ तासांच्या आत होते. विकसक-नोंदणीचे शुल्क ॲपलकडे वर्षाला ९९ डॉलर, तर गुगलकडे एकदाच २५ डॉलर आहे.

गुगलची वाट निराळी आहे. ऑक्टोबर २००८ मध्ये उघडलेल्या अँड्रॉइड मार्केटमध्ये, म्हणजे मार्च २०१२ पासूनच्या गुगल प्लेमध्ये, पूर्वतपासणी जवळपास नव्हती. फेब्रुवारी २०१२ मध्ये बाउन्सर या स्वयंचलित तपासणीची माहिती देण्यात आली आणि माणसांकडून तपासणी सुरू झाल्याचे मार्च २०१५ मध्ये जाहीर झाले. अँड्रॉइडवर स्टोअरबाहेरूनही ॲप घेता येत असल्याने गुगलचा नकार ॲपलच्या नकाराइतका अंतिम ठरत नाही. मात्र १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना ॲप सर्वांसाठी खुले करण्यापूर्वी २० जणांकडून सलग १४ दिवस बंदिस्त चाचणी करून घेण्याची अट घालण्यात आली. पुढे ही संख्या १२ वर आणली गेली. एकट्याने काम करणाऱ्या विद्यार्थ्याला ही अट कंपनीपेक्षा कितीतरी जड जाते.

मंजुरी आणि पैसा : परीक्षणाविषयीचे मोठे वाद ॲपच्या दर्जावरून क्वचितच झाले आहेत, ते बहुधा पैसे कोणत्या मार्गाने घ्यावेत यावरून झाले. ॲपमधील डिजिटल विक्रीवर स्टोअर ३० टक्क्यांपर्यंत वाटा घेते. छोट्या विकसकांसाठी २०२१ पासून हा दर १५ टक्के झाला. एपिक गेम्सच्या फोर्टनाइट या गेमने स्वतःची वसुली सुरू केल्यावर १३ ऑगस्ट २०२० रोजी ते दोन्ही स्टोअरांवरून काढण्यात आले. भारतात गुगल प्लेच्या देयक-धोरणाबद्दल स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये ९३६.४४ कोटी रुपये दंड ठोठावला. अपिलीय न्यायाधिकरणाने मार्च २०२५ मध्ये तो सुमारे २१६ कोटींवर आणला. त्याच धोरणावरून १ मार्च २०२४ रोजी मुंबईच्या शादी डॉट कॉमसह काही भारतीय कंपन्यांची ॲप काढली गेली आणि केंद्र सरकारच्या हस्तक्षेपानंतर काही दिवसांत परत आली. मंजुरी एकदा मिळाली म्हणजे कायमची मिळाली असे नव्हे, हे या प्रकरणाने पुष्कळांच्या ध्यानात आणून दिले. कर्ज देणाऱ्या ॲपांनी कर्जदाराच्या संपर्कयादीला व छायाचित्रांना हात लावू नये, हा गुगलचा ३१ मे २०२३ पासूनचा नियम मात्र ग्राहकाच्या थेट हिताचा आहे. वसुलीच्या नावाखाली नातेवाइकांना धमकावण्याचे प्रकार आपल्याकडे घडलेले आहेत.

इतर स्टोअरे : युरोपीय संघात मार्च २०२४ पासून आयफोनवर अन्य स्टोअरांना वाव मिळाला, तरी तेथील ॲपांनाही ॲपलची मर्यादित स्वरूपाची तपासणी चुकत नाही. चीनमध्ये गुगल प्ले नसून तेथील फोन-कंपन्यांची स्वतःची स्टोअरे चालतात आणि २०२३ मध्ये तेथे ॲपची सरकारी नोंदणीही बंधनकारक झाली. भारतात केंद्र सरकारच्या मोबाइल सेवा प्रकल्पाचे स्वतंत्र ॲप स्टोअर आहे, तर फोनपेने २१ फेब्रुवारी २०२४ रोजी इंडस ॲप स्टोअर मराठीसह १२ भारतीय भाषांत सुरू केले. गुगल प्लेवरही ॲपची माहिती मराठीत देता येते.