विमान देखभालीतील मानवी घटक

विमानाची देखभाल करणाऱ्या माणसांची क्षमता, थकवा, कामाची जागा, पाळ्या आणि संस्थेची शिस्त यांचा कामातील चुकांशी असलेला संबंध या विषयात अभ्यासला जातो. वैमानिकाची चूक बहुधा त्याच उड्डाणात उघड होते; देखभालीतील चूक मात्र विमानाबरोबर हँगरबाहेर (विमाने ठेवण्याच्या व दुरुस्तीच्या शेडबाहेर) पडते आणि दीर्घकाळ दडून राहू शकते. १९८५ मध्ये जपान एअरलाइन्सचे जे विमान कोसळून ५२० जण मृत्युमुखी पडले, त्याच्या मागील दाबरोधक भिंतीची (केबिनमधील हवेचा दाब टिकवणाऱ्या भिंतीची) सदोष दुरुस्ती १९७८ मध्ये झाली होती.

पाळीबदलाच्या वेळी काय निसटू शकते, हे कॉन्टिनेंटल एक्सप्रेसच्या अपघाताइतके स्पष्टपणे क्वचितच दिसते. या कंपनीच्या एम्ब्राएर १२० विमानाच्या शेपटीवरील आडव्या पंखाच्या पुढच्या कडेवर बर्फ हटवणारी रबरी आवरणे असतात. ती बदलण्याचे काम रात्री सुरू झाले. मदतीला आलेल्या निरीक्षकाने उजव्या बाजूचे आणि मग डाव्या बाजूच्या वरच्या पृष्ठभागावरचे स्क्रू काढले. पुढच्या पाळीने वेळेअभावी फक्त उजवे आवरण बदलले, आणि डावीकडे ४७ स्क्रू काढलेले आहेत ही माहिती त्यांच्यापर्यंत नोंदीतून पोहोचलीच नाही. शेपटी उंच असल्याने वरची बाजू जमिनीवरून दिसत नाही. सकाळचे पहिले उड्डाण सुखरूप पार पडले. ११ सप्टेंबर १९९१ रोजी त्याच दिवशीच्या दुसऱ्या उड्डाणात टेक्सासमधील ईगल लेकजवळ ती डावी कड निखळली आणि विमानातील चौदाही जण ठार झाले.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने बहुमताने कर्मचाऱ्यांनी कार्यपद्धती न पाळल्यावर बोट ठेवले. सदस्य जॉन लॉबर यांनी मात्र स्वतंत्र मत नोंदवून, कार्यपद्धती पाळण्याची संस्कृती रुजवण्यात व्यवस्थापनच अपयशी ठरले, असे म्हटले. या विषयाच्या दृष्टीने लॉबर यांचे मत अधिक मोलाचे ठरते, कारण स्क्रू काढणाऱ्या हातापलीकडे पाहिल्याशिवाय तीच चूक दुसऱ्या हँगरमध्ये टाळता येत नाही.

पुढे १९९३ मध्ये कॅनडाच्या वाहतूक विभागातील गॉर्डन ड्युपाँ यांनी संवादाचा अभाव, थकवा, गाफीलपणा, ताण अशा बारा कारणांची यादी मांडली. ती आजही देखभाल प्रशिक्षणात शिकवली जाते. लेखी पाळीहस्तांतरण, अर्धवट कामाची त्या कामाच्या नोंद-कार्डावर त्याच वेळी नोंद आणि काम न केलेल्या दुसऱ्या व्यक्तीकडून तपासणी हे उपाय रूढ आहेत. भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार मान्यताप्राप्त देखभाल संस्थांना आपल्या कर्मचाऱ्यांना मानवी घटकांचे प्रशिक्षण द्यावे लागते.