थरारपटाच्या ट्रेलरमधील शॉटरचना

थरारपटाच्या ट्रेलरमध्ये प्रेक्षकाला काय दाखवायचे, किती वेळ दाखवायचे आणि काय चौकटीबाहेर ठेवायचे, हे शॉटचा आकार, कॅमेऱ्याची जागा व हालचाल आणि कटची लांबी (एका तोडापासून पुढच्या तोडापर्यंतचा शॉटचा वेळ) यांच्या साहाय्याने ठरवण्याची पद्धत. ट्रेलर साधारण दोन ते अडीच मिनिटांचा असतो. पात्रांची ओळख करून द्यायला त्यात सवड नसते, त्यामुळे ताणाचा भार कथेपेक्षा शॉटवर अधिक पडतो. वेगाने कट मारले की थरार येतो हा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात ताण तयार होतो तो रेंगाळलेल्या शॉटमध्ये, आणि वेगवान कट तो फक्त मोकळा करतात.

पुण्यातल्या पेठांमधला जुना वाडा या कामाला सोयीचा, कारण दिंडी दरवाजा, बोळ, चौक, अंधारा जिना आणि माळा या क्रमाने जागा आपोआप आकसत जाते. रात्री एकटी घरी परतणारी बाई हा प्रसंग घेतला तर शॉटचा क्रम असा लावता येतो. माडीवरून खाली चौकाचा वाइड (सगळी जागा दाखवणारा दूरचा शॉट), चार सेकंद. बाई चौकटीत लहान आणि कडेला, कारण रिकामी जागा जितकी जास्त तितकी नजर तिथे काहीतरी शोधते. मग कडीवरच्या हाताचा क्लोजअप, दीड सेकंद. नंतर तिच्या पाठीमागून मिड शॉट (साधारण कमरेपासून वरचा), तीन सेकंद. हा कुणाच्या नजरेतला आहे हे सांगायचे नाही. शेवटी तिचा चेहरा: जिन्यावर पाऊल वाजते, ती वर पाहते, आणि जिना न दाखवताच काळा पडदा. तिने पाहिले ते प्रेक्षकाला दिसले की शॉट संपला. पुढे कितीही लांबवला तरी ताण परत येत नाही.

चेहऱ्यावरचा संथ पुश-इन, म्हणजे कॅमेरा हळूहळू चेहऱ्याजवळ नेणे, हे सर्वात भरवशाचे साधन. ५० मि.मी. लेन्सवर साठ ते नव्वद सेंटिमीटरचा ट्रॅक (कॅमेऱ्याच्या ट्रॉलीचे रूळ) सहा सेकंदांत कापला, म्हणजे सेकंदाला दहा-पंधरा सेंटिमीटर, तर कॅमेरा पुढे सरकतोय हे जाणवते पण लक्षात येत नाही. वाड्यातली फरशी क्वचितच समतल असते. ट्रॅकखाली लाकडी पाचरी मारून लेव्हल बघावी लागते. माडीच्या लाकडी जमिनीवर तर ट्रॉली ढकलणाऱ्याच्या पावलानेच चौकट हलते. ट्रॅक टाळण्यासाठी ४के, म्हणजे २केच्या दुप्पट रुंदीच्या तपशिलाचे, चित्रीकरण करून संकलनात चित्र मोठे करण्याची पळवाट आहे. संकलनाची टाइमलाइन २के असेल तर दुपटीपर्यंत ते खपतेही. पण त्यात पुढच्या-मागच्या वस्तूंमधले दिसणारे अंतर बदलत नाही, फक्त चित्र फुगते. मागे खांबांची रांग असेल तर फरक लगेच कळतो.

डॉली-झूम, म्हणजे ट्रॉली एका दिशेला आणि झूम उलट दिशेला नेऊन चेहरा तेवढाच ठेवत मागची जागा ताणणे किंवा आकसवणे, दिग्दर्शक हिचकॉकच्या ‘व्हर्टिगो’मुळे (१९५८) प्रसिद्ध झाला. त्याचे गणित सोपे: चेहरा त्याच आकाराचा ठेवायचा तर कॅमेऱ्याचे अंतर आणि लेन्सचे नाभीय अंतर (तिचा मि.मी.मधला आकडा) एकाच प्रमाणात बदलावे लागते. ७५ मि.मी.वर तीन मीटर, ५० वर दोन मीटर, २५ वर एक मीटर. ट्रॉली, झूम आणि फोकस अशी तीन माणसे एका तालात लागतात. एकाचा ताल चुकला की चेहरा श्वास घेतल्यासारखा लहान-मोठा होतो. ट्रेलरमध्ये तो एकदाच वापरावा. कॅमेरा तिरका धरण्याचेही तेच: दहा-पंधरा अंश पुरतात, आणि वाड्यात उभे खांब असल्याने तेवढा तिरकेपणाही डोळ्यांत भरतो.

कटची लांबी फ्रेममध्ये, म्हणजे फिल्मच्या एकेका स्थिर चित्रात, मोजतात. सेकंदाला २४ फ्रेम धरून शेवटच्या टप्प्यात ४८, ३६, २४, १६, १२ आणि ८ फ्रेमचे सहा शॉट लावले तर बरोबर सहा सेकंद होतात आणि घसरगुंडीचा वेग जाणवतो. आठ फ्रेमच्या शॉटमध्ये एकच ठळक वस्तू हवी, उदाहरणार्थ अंधारात पेटलेली काडी. गर्दीचा शॉट तिथे वाया जातो. या रांगेनंतर लगेच नाव न झळकवता बारा ते चोवीस फ्रेम काळा पडदा आणि शांतता ठेवली तर शेवटचा धक्का लागू पडतो. पुढच्या शॉटचा आवाज चित्राच्या आधी अर्धा सेकंद सुरू करणे ही संकलकांची जुनी युक्ती.

चुका बहुतेक चित्रीकरणातच होतात. प्रत्येक टेकच्या आधी आणि नंतर तीन-चार सेकंद जास्त न घेतल्यास संकलकाला रेंगाळायला जागाच उरत नाही. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्याने २४ फ्रेमला शटर (प्रत्येक फ्रेमवर प्रकाश पडण्याचा वेळ) १/५० सेकंद ठेवतात. स्वस्त एलईडीखाली ६० फ्रेमने संथगती घेतली तर चित्र फडफडते; ५० फ्रेम आणि १/१०० शटर सुरक्षित. ट्रेलर मोबाइलवर उभ्या चौकटीतही जाणार असेल तर कडेला उभी केलेली सावली तिथे कापली जाते, म्हणून तो शॉट वेगळा घ्यावा. आणि खुन्याचा हात अंगठीसकट दाखवला तर चाणाक्ष प्रेक्षक चित्रपटाच्या मध्यंतराआधीच उत्तर काढतो.

१९६० मध्ये ‘प्रभात’ स्टुडिओच्या जागेत फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाल्यापासून छायाचित्रण आणि संकलन शिकलेली माणसे पुण्यात मिळतात, अडते ते ठिकाणांवर. शनिवारवाडा आणि पाताळेश्वर ही संरक्षित स्मारके असल्याने पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. रात्रीचा शनिवारवाडा तसाही झिजलेला शॉट आहे: १७७३ मधला नारायणरावांचा खून इथल्या प्रत्येकाला पाठ असल्याने दिल्ली दरवाजा दिसताच प्रेक्षक पुढचे ओळखतो. लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा तळही असल्याने ड्रोन उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळाचा नकाशा पाहणे भाग आहे. पावसाळ्यात नदीपात्राजवळ संध्याकाळी ढोलपथकांचा सराव चालतो, तेव्हा पावलांचा आणि कडीचा आवाज जागेवर न घेता नंतर वेगळा भरावा. चित्रपटगृहात दाखवायच्या ट्रेलरला केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र लागते.