चार सामने आणि मांडीमागचा एक स्नायू

तरुण खेळाडू दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा जायबंदी झाला की ‘हा काचेचाच आहे’ असे म्हणून चाहते मोकळे होतात. त्याच तोंडाने हेही म्हणतात, की टिकला असता तर कुठल्या कुठे गेला असता. ही दोन्ही विधाने तपासून बघता येतात. त्यासाठी अमेरिकन फुटबॉलमधल्या ग्रीन बे पॅकर्स संघाच्या ख्रिश्चन वॉटसनइतके चांगले उदाहरण सापडणे कठीण आहे, कारण त्याच्याबाबतीत आशाही मोठ्या होत्या आणि दुखापतही पुनःपुन्हा एकाच स्नायूची होती.

हा खेळ न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. क्वार्टरबॅक चेंडू फेकतो आणि वाइड रिसीव्हर जिवाच्या आकांताने पळत जाऊन तो झेलतो. त्या झेलाने संघ जितके यार्ड पुढे सरकला तितके यार्ड रिसीव्हरच्या नावावर जमा होतात. मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात चेंडू नेला की टचडाउन. २०२१पासून प्रत्येक संघ हंगामात १७ साखळी सामने खेळतो.

वॉटसनला पॅकर्सनी २०२२च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू क्रमाने निवडण्याच्या वार्षिक फेरीत, ३४व्या क्रमांकावर घेतले. उंची ६ फूट ४ इंच, वजन २०८ पौंड आणि ४० यार्डांची धाव ४.३६ सेकंदांत. म्हणजे उभ्या जागेवरून सुरुवात करून सरासरी वेग ताशी ३० किलोमीटर. कारकिर्दीतल्या अगदी पहिल्या चालीत क्वार्टरबॅक अ‍ॅरन रॉजर्सने फेकलेला लांब पल्ल्याचा सोपा चेंडू त्याच्या हातून सुटला आणि बोलणाऱ्यांची तोंडे उघडली. मग १३ नोव्हेंबर २०२२ रोजी डॅलस काउबॉइजविरुद्ध त्याने चार झेलांत १०७ यार्ड आणि तीन टचडाउन केले. तो सामना धरून सलग चार सामन्यांत त्याचे आठ टचडाउन झाले, त्यांतले सात झेलून आणि एक चेंडू घेऊन पळत. पुढचा संपूर्ण उन्हाळा ग्रीन बेचे चाहते या चार सामन्यांवर जगले.

आता हिशोब बघू. त्या चार सामन्यांत १५ झेल आणि ३१३ यार्ड, म्हणजे सामन्याला ७८. गुणिले १७ केले की १,३३० यार्ड होतात. पहिल्या दर्जाच्या रिसीव्हरचा हा आकडा, आणि २०२३च्या अपेक्षा याच्याच आसपास बांधल्या गेल्या. पण त्याच हंगामातल्या उरलेल्या दहा सामन्यांत २६ झेल, २९८ यार्ड आणि झेललेले टचडाउन शून्य होते. सामन्याला ३० यार्ड. हंगामाच्या सुरुवातीला नवख्या खेळाडूला मैदानावर कमी वेळ मिळतो, हे खरे. तरीही १४ सामन्यांची माहिती हातात असताना चारच सामने उचलणे हे गणित नव्हे.

पहिल्या तीन हंगामांतले त्याचे एकूण झेल ९८ आणि झेललेले टचडाउन १४. त्या चार सामन्यांतले सात वगळले तर उरलेल्या ८३ झेलांत सात, म्हणजे सुमारे बारा झेलांमागे एक. पंधरा झेलांत सात हा दर कोणाचाच टिकत नाही. एवढ्या छोट्या नमुन्यात नशिबाचा वाटा कौशल्याच्या वाट्याहून मोठा असू शकतो. अशा उंच शिखरानंतरचा आकडा सरासरीकडे सरकतोच, आणि नेमका तेव्हाच लोक म्हणतात की नजर लागली. अमेरिकेतही हा समज तितकाच पक्का आहे: मासिकाच्या मुखपृष्ठावर फोटो आला की खेळाडू घसरतो. मुखपृष्ठावर माणूस येतो तो शिखरावर असताना. तिथून पुढची वाट बहुतेकदा खालीच असते, त्यासाठी कोणाची नजर लागावी लागत नाही.

२०२३मध्ये वॉटसन पहिल्या सामन्याआधीच हॅमस्ट्रिंगच्या, म्हणजे मांडीमागच्या स्नायूच्या, दुखापतीने बसला आणि तीन सामने हुकले. ३ डिसेंबरला कॅन्सस सिटी चीफ्सविरुद्ध दोन टचडाउन करून त्याच सामन्यात पुन्हा तोच स्नायू दुखावला, आणखी पाच सामने गेले. नऊ सामन्यांत ४२२ यार्ड. निराशा झाली, टीका झाली. पण सामन्यामागे भागून बघा. २०२२मध्ये ४३.६ यार्ड, २०२३मध्ये ४६.९, आणि २०२४मध्ये १५ सामन्यांत ६२० यार्ड म्हणजे ४१.३. मैदानात उतरलेला वॉटसन तिन्ही वर्षे जवळजवळ तोच होता. हलत होता तो दुसरा आकडा, किती सामने खेळला हा. म्हणून खरा प्रश्न हातांचा नाही, मांडीमागच्या स्नायूचा आहे.

हॅमस्ट्रिंग म्हणजे मांडीच्या मागचे तीन स्नायू. ओटीपोटाच्या हाडाच्या ज्या उंचवट्यावर आपण बसतो तिथून ते निघतात आणि गुडघ्याच्या खाली जाऊन जोडले जातात. म्हणजे एकाच वेळी खुबा आणि गुडघा अशा दोन सांध्यांवर त्यांची सत्ता चालते. वेगात पळताना फाटतो तो बहुतेक वेळा बाहेरच्या बाजूचा, बायसेप्स फिमोरिस नावाच्या स्नायूचा लांब पदर.

तो कधी फाटतो, हे फार सुंदर आहे. पाय जमिनीवर जोर लावत असतो तेव्हा, असे बहुतेकांना वाटते. पण मोजमापे बोट दाखवतात ती पाय हवेत असतानाच्या क्षणाकडे. पूर्ण वेगात पळताना पाय मागून पुढे झोकला जातो, तेव्हा पाऊल धावण्याच्या वेगाच्या जवळजवळ दुप्पट वेगाने पुढे जात असते. गुडघा सरळ होत असतो, खुबा वाकलेला असतो, आणि हे दोन्ही हॅमस्ट्रिंगला एकाच वेळी ताणतात. पाऊल टेकण्याआधी सेकंदाच्या दहाव्या भागाहून कमी वेळात या झोकाला थांबवायचे काम या स्नायूचे. भरलेला गॅस सिलिंडर हळूच जमिनीवर ठेवताना दंडाचा स्नायू जोर लावत-लावत लांब होत जातो, तसेच इथे होते: स्नायू आवळायचा प्रयत्न करतो आणि तरीही ताणला जातो. उभे असताना त्याची जी लांबी असते तिच्यापेक्षा सुमारे दहा टक्के जास्त लांबीवर, आणि त्याच क्षणी सर्वांत मोठ्या जोरात.

वेग ८० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर नेला तर ही कमाल लांबी फारशी वाढत नाही. वाढते ती शोषून घ्यायची ऊर्जा. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, आणि ०.८चा वर्ग ०.६४. म्हणजे पायाचा वेगही त्याच प्रमाणात वाढतो असे धरले, तर शेवटच्या २० टक्के वेगासाठी स्नायूला दीडपटीहून जास्त ऊर्जा थोपवावी लागते. सरावात ‘ऐंशी टक्क्याने पळालो, काहीच दुखले नाही’ म्हणणारा खेळाडू सामन्यात फसतो तो इथे.

आणखी आत जाऊ. स्नायूच्या तंतूत सार्कोमिअर नावाचे सूक्ष्म कप्पे एकापुढे एक जोडलेले असतात. एक कप्पा सुमारे २.७ मायक्रोमीटर लांब असताना सर्वांत जास्त बळ देतो. त्याहून ताणला की आतल्या अ‍ॅक्टिन आणि मायोसिन तंतूंचे एकमेकांवरचे आच्छादन कमी होते आणि बळ घटते. सगळे कप्पे सारखे नसतात. जो थोडा कमकुवत तो आधी ताणला जातो, ताणल्यामुळे आणखी कमकुवत होतो आणि आणखी ताणला जातो. सूक्ष्म इजा अशी सुरू होते, असे मानले जाते. आता १०.५ सेंटीमीटर लांबीच्या तंतूत साधारण ३९,००० कप्पे बसतात आणि १२ सेंटीमीटरच्या तंतूत ४४,०००. समजा पायाच्या झोकाने तंतू २ सेंटीमीटर ताणला. पहिल्यात प्रत्येक कप्प्याच्या वाट्याला ०.५१ मायक्रोमीटर ताण येतो, दुसऱ्यात ०.४५. फरक किरकोळ दिसतो, पण कड्याच्या काठावर असलेल्या कप्प्यासाठी तो निर्णायक असतो. ऑस्ट्रेलियातल्या व्यावसायिक सॉकरपटूंचे अल्ट्रासाउंडने केलेले मोजमाप २०१६मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ज्यांचे तंतू १०.५६ सेंटीमीटरहून आखूड होते त्यांना दुखापतीचा धोका सुमारे चौपट निघाला.

एकदा फाटलेला स्नायू भरून येतो तेव्हा तिथे व्रणाची ऊती तयार होते. ती ताठ असते, ताणाला दाद देत नाही, म्हणून शेजारच्या निरोगी तंतूंना जास्त ताणावे लागते. एमआरआयमध्ये असे व्रण दुखापतीनंतर वर्षभराने, कधी दोन वर्षांच्या घरातही दिसले आहेत. भरीला मज्जासंस्था सावध होते आणि स्नायू लांबलेला असताना त्याला पूर्ण जोराचा आदेश देतच नाही. लांबीवर जोर नाही म्हणून तंतू लांब होत नाहीत, आणि तंतू आखूड म्हणून पुन्हा इजा. ‘काचेचा’ म्हणतात त्या खेळाडूच्या मांडीत हे चक्र फिरत असते. २०२०च्या एका मोठ्या आढाव्यात पूर्वी हॅमस्ट्रिंग दुखावलेल्यांना धोका २.७ पट आणि त्याच हंगामात दुखावलेल्यांना ४.८ पट आढळला. वॉटसनच्या २०२३मध्ये पहिली दुखापत आणि डिसेंबरमधली दुसरी यांच्यात अंतर तीन महिन्यांचेच होते.

मग चक्र तोडायचे कसे? तंतूत नवे सार्कोमिअर जोडता येतात, आणि त्यासाठी स्नायूला लांबत असताना जोर लावायला शिकवावे लागते. नॉर्डिक व्यायाम त्यासाठीच आहे. गुडघ्यांवर उभे राहायचे, जोडीदाराने घोटे घट्ट धरायचे, आणि गुडघ्यापासून डोक्यापर्यंत शरीर सरळ ठेवून जमेल तितक्या सावकाश पुढे झुकत जायचे. शेवटी हातांवर तोल घ्यायचा आणि हातांनीच ढकलून वर यायचे. पहिल्या आठवड्यात एकदाच, पाच-पाचचे दोन संच. दुसऱ्यात दोनदा, सहा-सहाचे दोन. तिसऱ्यात तीनदा, सहा ते आठचे तीन. चौथ्यात आठ ते दहाचे तीन. पाचव्यापासून दहाव्यापर्यंत आठवड्यातून तीनदा १२, १० आणि ८. डेन्मार्कमध्ये ९४२ सॉकरपटूंवर हाच क्रम वापरून बघितला गेला. नव्या दुखापती सुमारे ६० टक्के आणि पुन्हा होणाऱ्या सुमारे ८५ टक्के घटल्याचे २०११मध्ये जाहीर झाले.

चुका ठरलेल्या असतात. कमरेत वाकले की ताण हॅमस्ट्रिंगवरून निघून जातो. पहिल्याच दिवशी तीन संच केले तर मांडी इतकी दुखते की माणूस पुन्हा त्या वाटेला जात नाही. सामन्याच्या आदल्या दिवशी जोराने केला तर थकलेला स्नायू घेऊन मैदानात उतरावे लागते. आणि हंगाम सुरू झाला म्हणून बंद केला तर मिळवलेली लांबी सुमारे चार आठवड्यांत परत जाते. शिवाय नॉर्डिक पुरेसा नाही. आठवड्यातून एक-दोनदा कमाल वेगाच्या ९० टक्क्यांच्या वर पळणे लागतेच, कारण तो वेग दुसरा कोणताही व्यायाम शिकवत नाही. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधल्या दहा वर्षांच्या हॅमस्ट्रिंग दुखापती मोजल्या तेव्हा निम्म्याहून जास्त हंगामपूर्व सरावाच्या सात आठवड्यांतच झालेल्या होत्या. सुट्टीतला कमी वेग आणि सरावातला एकदम पूर्ण वेग यांच्यातली ही दरी आहे.

इथे पीआरपीबद्दलही बोलले पाहिजे. खेळाडूचेच रक्त काढून, यंत्रात फिरवून त्यातला प्लेटलेट्सचा भाग सुईने दुखऱ्या जागी सोडायचा, हा महागडा उपाय अजूनही जोरात विकला जातो, आपल्याकडे तर गुडघेदुखीपासून केसगळतीपर्यंत. नेदरलँड्समध्ये हॅमस्ट्रिंग दुखावलेल्या ८० खेळाडूंवर तपासणी झाली: निम्म्यांना पीआरपी, निम्म्यांना साधे मिठाचे पाणी. दोन्ही गटांत मैदानावर परतायला तितकाच वेळ लागला. हा निष्कर्ष २०१४चा आहे.

वॉटसनने २०२४च्या सुरुवातीला विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन इथल्या प्रयोगशाळेत तपासण्या करून घेतल्या. याच विद्यापीठाच्या नेतृत्वाखालच्या गटाला एनएफएलने २०२१मध्ये हॅमस्ट्रिंगच्या संशोधनासाठी ४० लाख डॉलर दिले होते. त्याच्या दोन पायांच्या ताकदीत फरक आढळला आणि व्यायाम त्या फरकावर बेतला गेला. २०२४मध्ये त्याचे दोन सामने हुकले, पण हॅमस्ट्रिंगमुळे एकही नाही. एका माणसाच्या एका हंगामावरून सिद्ध काही होत नाही, तरी दिशा बरोबर होती असे म्हणायला हरकत नाही. मग ५ जानेवारी २०२५ रोजी शिकागो बेअर्सविरुद्ध कोणाचा धक्का न लागताच त्याच्या उजव्या गुडघ्यातला एसीएल अस्थिबंध तुटला. २६ ऑक्टोबरला पिट्सबर्गमध्ये तो परतला आणि चार झेलांत ८५ यार्ड करून गेला. लगेच ८५ गुणिले १७ सुरू झाले असेल तर नवल नाही.

अशा वेळी मांडायचा हिशोब हा: पहिल्या तीन हंगामांतल्या ५१पैकी तो ३८ सामने खेळला, सामन्याला ४३.५ यार्ड. सगळे १७ खेळला तर ७४० यार्ड, नेहमीइतके खेळला तर ५५०. त्यात एसीएलनंतरच्या काळासाठी एक भर घालावी लागेल, कारण ज्या आढाव्यात २.७ पट हा आकडा आहे, त्यातच एसीएल तुटून गेलेल्यांना हॅमस्ट्रिंग दुखापतीचा धोका १.७ पट असल्याचेही दिसते. परतीच्या पहिल्या महिन्यात यार्डांकडे बघण्यापेक्षा दोन गोष्टी बघाव्यात. बुधवार ते शुक्रवारच्या अधिकृत दुखापत-अहवालात त्याचा सराव पूर्ण लिहिला आहे की मर्यादित, आणि लांब पल्ल्याच्या चालींत तो शेवटच्या दहा यार्डांत वेग वाढवतो आहे की सावरून धरतो आहे.