मार क्रोकरला, वळ बॉस्वेलला

जेम्स बॉस्वेलने लिहिलेलं इंग्रजी लेखक आणि कोशकार सॅम्युएल जॉन्सनचं चरित्र १७९१ साली लंडनमध्ये दोन खंडांत निघालं आणि चाललंही. बॉस्वेलला मूर्खात काढणारं सर्वांत गाजलेलं परीक्षण आलं ते चाळीस वर्षांनी, आणि त्याचा खरा नेम होता तिसऱ्याच माणसावर.

१८३१ साली जॉन विल्सन क्रोकरने या चरित्राची पाच खंडांची संपादित आवृत्ती काढली. क्रोकर टोरी, म्हणजे पुराणमतवादी पक्षाचा खासदार, वीसेक वर्षं नौदल खात्याचा सचिव आणि टोरींच्या 'क्वार्टर्ली रिव्ह्यू' या नियतकालिकाचा हुकमी परीक्षक. १८१८ मध्ये कवी कीट्सच्या 'एंडिमियन' या काव्याला झोडपणारा तोच. संसदेत तेव्हा मताधिकार सुधारण्याच्या विधेयकावरून जुंपली होती आणि विरुद्ध बाजूच्या, सुधारणावादी व्हिग पक्षाकडून खासदार आणि निबंधकार मेकॉले त्याला भिडत होता. त्या उन्हाळ्यातच मेकॉलेने बहिणीला लिहिलं, की थंड उकडलेल्या मांसापेक्षाही मला या क्रोकरचा तिटकारा आहे. पुढच्या अंकात त्याची कशी खरडपट्टी काढतो बघ. तो अंक म्हणजे व्हिगांच्या 'एडिंबरा रिव्ह्यू'चा सप्टेंबर १८३१चा. परीक्षणाखाली नाव छापायची तेव्हा पद्धत नव्हती, त्यामुळे हे वैर पानावर कुठेच दिसत नाही.

परीक्षणाचा मोठा भाग म्हणजे क्रोकरच्या चुकांची यादी. स्कॉटिश सेनानी माँट्रोजचा १६५०मध्ये शिरच्छेद झाला असं क्रोकर म्हणतो. त्याला फाशी दिलं होतं. सर विल्यम फोर्ब्जचा मृत्यू तो १८१६मध्ये दाखवतो. ते १८०६मध्येच गेले, १८१६चे फोर्ब्ज वेगळे. हे बरोबरच आहे. काही आक्षेप मात्र मेकॉलेच्याच अंगाशी येणारे होते, आणि 'ब्लॅकवुड्स मॅगझिन'ने त्यांना उत्तरं छापली.

गंमत म्हणजे संपादनातला मोठा दोष नीट पकडला तो निबंधकार कार्लाइलने, 'फ्रेझर्स' मासिकाच्या मे १८३२च्या अंकात. क्रोकरने मिसेस पिओझी, हॉकिन्स वगैरे जॉन्सनवर लिहिणाऱ्या इतरांचे उतारे चौकटी कंसांत घालून थेट बॉस्वेलच्या मजकुरात शिवले होते. वाचक बॉस्वेलचं वाक्य धरून निघतो, मध्येच कंस उघडतो आणि पुढची वीस-तीस पानं भलत्याच्याच तोंडची. टीपा तळाला किंवा परिशिष्टात गेल्या असत्या तर भागलं असतं. पुढच्या आवृत्तीत यातला बराच मजकूर हलवावा लागला. परीक्षण उपयोगी पडतं ते असं.

मेकॉलेने मात्र क्रोकरला लोळवून झाल्यावर मोर्चा वळवला तो १७९५ सालीच वारलेल्या बॉस्वेलकडे. त्याचा मुद्दा असा, की हा माणूस इतका मूर्ख नसता तर त्याच्या हातून इतकं थोर पुस्तक झालंच नसतं. वाक्य चटपटीत होतं, म्हणून टिकलं. पिढ्यान् पिढ्या इंग्रजी वाचकांनी बॉस्वेलला नुसता टिपणबहाद्दर मानलं. मेकॉलेची वकिली थाटाची शैली आपल्याकडेही मुरली. 'निबंधमाले'त जॉन्सनवर विस्ताराने लिहिणाऱ्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या टीकालेखनावर तिची छाप स्पष्ट दिसते. क्रोकरने उट्टं काढलं १८४९ साली, मेकॉलेच्या इतिहासग्रंथावर 'क्वार्टर्ली'त तुटून पडून. पुस्तकाच्या खपावर काही परिणाम झाला नाही.

बॉस्वेलची बाजू मांडली ती त्याच्याच कागदांनी. डब्लिनजवळच्या मॅलाहाइड किल्ल्यातले कागद १९२७ पासून रॅल्फ आयशम या अमेरिकन संग्राहकाने विकत घेतले. आज मोठा भाग येल विद्यापीठात आहे. त्यातून त्याची कामाची पद्धत कळते. आधी तुटक टिपणं, त्यावरून रोजनिशी, मग तिचीच पानं खाडाखोड करून थेट छापखान्याच्या प्रतीत, आणि वाढीव मजकूर वेगळ्या चिठोऱ्यांवर, कुठे जोडायचा त्या खुणेसह. संभाषणातला एकेक शब्द बदलून पाहिलेला. मूर्खाचं नशीब म्हणावं असं यात फार थोडं आहे.

कागदांचा दुसरा साठा १९३०च्या सुमारास स्कॉटलंडमधल्या फेटरकेर्न हाउसमध्ये क्लॉड अ‍ॅबट या अभ्यासकाला सापडला. तो तिथे गेला होता कवी जेम्स बीटीची कागदपत्रं शोधायला. घर होतं बीटीच्या चरित्रकाराच्या वंशजांचं. हा चरित्रकार बॉस्वेलच्या मृत्युपत्राचा एक व्यवस्थापकही होता: सर विल्यम फोर्ब्ज, मृत्यू १८०६.